गुडुप एकदाच

शेवटचा साधा दिवस नासक्या दुधाच्या वासानं संपला. संध्याकाळी ती आपला दवाखाना बंद करत होती तेव्हा एक जोडपं लहान पोराला घेऊन आलं. पोरानं तोंड उघडलं आणि तिनं मास्कच्या आत श्वास रोखून धरला. वरच्या पुढच्या दातांच्या जागी नुसते तपकिरी खुंट होते, झिजलेल्या खडूसारखे. गोड दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवलेलं पोर. लहान मुलांच्या दातांची डॉक्टर म्हणून हा वास तिनं इतक्यांदा घेतला होता की घरी दूध उतू गेलं तरी ती खिडकी उघडायची.

पोराची आई म्हणाली, काय करणार डॉक्टर, बाटली काढली की भोकाड पसरतो, आणि ह्यांना सकाळी लवकर निघायचं असतं. ह्यांनी फोनमधून मान वर काढून दुजोरा दिला. तिनं सांगायचं ते सगळं सांगितलं, दोघांनी माना डोलावल्या. आणि दार पुरतं लागायच्या आत बाटली पोराच्या तोंडात परत गेली. काचेतून तिला ते स्वच्छ दिसलं. तिनं हात धुतले, मग पुन्हा धुतले.

घरी आली तर आई टिटवीचे दात घासत होती. टिटवी म्हणजे तिची लेक. तान्ही असताना किंचाळून किंचाळून साऱ्या इमारतीला जागं ठेवायची, म्हणून आजीनंच ठेवलेलं नाव. त्या टिटवीला माणसात आणणारीही आजीच. आई पलीकडच्या गल्लीत एकटी राहायची आणि रोज संध्याकाळी नातीला झोपवायला यायची. जेवून घ्यायची नाही, टेकायचीसुद्धा नाही. नातीला झोपवायची आणि चपला घालून निघायची.

झोपवणं हे आईचं पोटापाण्याचं काम होतं. एका मोठ्या पाळणाघरात ती कैक वर्षं नोकरीला होती. हुद्दा मदतनीसाचा, पण तिच्याकडे कारभार होता तो दुपारच्या झोपेच्या खोलीचा. ओळीनं मांडलेल्या गाद्या, त्यावर दुसऱ्यांची हट्टी पोरं, आणि दाराशी एका खुर्चीत आई. गावभरचे आईबाप तिला गुडुपबाई म्हणायचे.

तिची रीत कडक होती. थोपटायचं नाही, झुलवायचं नाही, लाडीगोडी नाही आणि बागुलबुवाही नाही. थोपटलं की पोराला झोप लागत नाही, थोपटण्याची सवय लागते, असं ती म्हणायची. रोज त्याच क्रमानं तेच करायचं: सू, दात, एक गोष्ट, पडदा. गोष्ट एकच; दीड नाही की पावणेदोन नाही. मग म्हणायचं, गुडुप. तेही एकदाच. "दोनदा म्हटलं की ती विनवणी होते," आई म्हणायची, "आणि विनवणी ऐकली की पोरं भाव खातात." गुडुप झालं की कुणी चकार शब्द काढायचा नाही, मोठ्यांनीसुद्धा नाही. आणि झोपवणारीनं पोराकडे पाठ करून बसायचं. चेहरा दिसला की पोर त्या चेहऱ्यावर काम सुरू करतं. हसवतं, रडवतं, पाझर फोडतं. पाठीवर कुणाचं काही चालत नाही.

ती स्वतः त्याच पाठीमागे लहानाची मोठी झाली होती. वडील लवकर गेले. त्यांचा चेहरा तिला फोटोतूनच ठाऊक. पण आईची पाठ तिला कुठल्याही चेहऱ्यापेक्षा नीट आठवायची. राखाडी स्वेटर, खांद्यापाशी भलत्याच रंगाच्या लोकरीनं केलेला रफू, मानेवरचा घट्ट अंबाडा. नात्यागोत्यात तिची ख्याती होती की हिला झोपवावं लागतच नाही, गुडुप म्हणायचा अवकाश. आई कौतुक करायची नाही, पण दुसऱ्यांनी केलेलं अडवायचीही नाही.

त्या संध्याकाळी टिटवी तोंडात फेस घेऊन आजीला म्हणाली, "आजी, आणि मी खोटं खोटं झोपले तर?"

"आधी थुंक."

टिटवी थुंकली.

"तर मला कळतं," आई म्हणाली. "खोटं झोपलेलं पोर फार नीट श्वास घेतं. खरी झोप अशी नीटनेटकी नसते गं. ती गबाळी असते. मधेच फुस्स करते, मधेच तोंड वाजवते, तुझ्या बापासारखी."

टिटवी खिदळली. ती स्वतः टॉवेल घेऊन मागे दारात उभी होती. तिच्या कानाच्या पाळ्या एकदम गरम झाल्या. आईनं तिच्याकडे पाहिलं नाही. टॉवेल मात्र तिच्याच हातातून घेतला.

नंतर आई दाराशी चपला चढवत असताना ती मागोमाग गेली. काहीतरी विचारायचं होतं. तिनं तोंड उघडलं, तशी आईनं ओठांवर बोट ठेवलं आणि हनुवटीनं झोपेच्या खोलीकडे खूण केली. गुडुप झालं होतं. आईनं पिशवी खांद्याला लावली, जिन्याचा कठडा धरत धरत ती खाली गेली आणि वळणावर दिसेनाशी झाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी, झोपेच्या खोलीत, मुलांकडे पाठ करून बसलेली असताना आई गेली.

इस्पितळात डॉक्टर म्हणाले, एका क्षणाचा खेळ होता, कुणी तिथल्या तिथे हाक मारली असती तरी उपयोग नव्हता. आईचा स्वेटर प्लास्टिकच्या पिशवीत घालून तिच्या हातात दिला. तिनं तो घरी येऊन धुतला. पुढच्या बाजूवर ओकारी वाळली होती आणि वास दुधाचाच होता. आई चहात दूध जास्त घालायची. मागची बाजू अगदी स्वच्छ होती.

मग घर भरलं. आत्या चार दिवसांसाठी म्हणून आली आणि कपाटातला एक कप्पा तिनं रिकामा करून घेतला. आत्या म्हणजे वडिलांची बहीण. मायाळू बाई, तिच्या मायेला सगळीकडे ओल असायची. ती ज्या चमच्यानं चाखायची तोच टिटवीच्या तोंडात घालायची. रुमालात नाक शिंकरून त्याच रुमालाच्या कोरड्या टोकानं टिटवीचे गाल पुसायची. येणाऱ्याजाणाऱ्यांना दाराशी गाठून आई कशी गेली ते सांगायची, आणि दर वेळी त्यात नवी भर पडायची. लोक च् च् करत बिस्किटं खायचे. खाता खाता बोलायचे. त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात साचणारा तो भिजका पांढरा भुगा बघताना तिला जागेवरून उठून जावंसं वाटायचं, आणि ती तिथेच बसून पुन्हा पुन्हा म्हणायची, हो ना, हो.

टिटवी झोपेना. आजी कुठेय ते तिला सांगितलं होतं, साध्या खऱ्या शब्दांत. तिनं ते ऐकूनही घेतलं होतं. पण संध्याकाळ झाली की ती दाराशी जाऊन बसायची. नवऱ्यानं टिटवीच्या हातात टॅबलेट दिला. चार दिवस राहू दे गं, तो म्हणाला, तिलाही सावरू दे. आत्यानं कुठल्याशा दुकानातून बाटली आणली, गोड दूध भरलं, निपल आधी स्वतःच्या जिभेला लावून दूध किती ऊन ते पाहिलं आणि टिटवीच्या तोंडात दिलं. एवढी मोठी पोर बाटली घेऊन सोफ्यावर पडायची. छातीवर टॅबलेट, पडद्यावर बोटांचे चिकट ठसे, त्यात नाचणारी जांभळी अस्वलं. डोळे उघडेच ठेवून कधीतरी तिची शुद्ध हरपायची. निपल तोंडातून निसटायचं आणि दुधाचा ओघळ मानेच्या घडीत जाऊन वाळायचा.

हे सगळं ती बघायची. एका वाक्यात थांबवता आलं असतं. दवाखान्यात दिवसाला दहा जणांना ती तेच वाक्य ऐकवत होती. पण थांबवायचं म्हणजे पुढे पडदा ओढून, त्या खोलीत, पाठ करून बसायचं. ते तिच्यानं होत नव्हतं. बाकी तिनं सगळं केलं. आईचं घर आवरलं, बँकेत जाऊन आली, फ्रीजमधलं बुरशी आलेलं लोणी हातानं खरवडून काढलं. बसणं तेवढं झालं नाही. टिटवीच्या झोपेची वेळ झाली की ती बाथरूममध्ये जायची आणि हात धुवायची. बाहेर अस्वलं गात असायची. त्या वेळी आरशात दिसणारं तोंड तिला आत्याच्या रुमालाहून घाण वाटायचं.

महिना झाला तेव्हा पाळणाघरानं एका रविवारी सकाळी आठवणींचा कार्यक्रम ठेवला. तोही त्याच खोलीत. गाद्या भिंतीशी रचल्या होत्या, खुर्च्या मांडल्या होत्या आणि आईची खुर्ची मधोमध ठेवून तिला फिकट निळी रिबीन बांधली होती. खुर्चीवर आईचा फोटो होता. फोटोतली आई हसत होती. अशी हसलेली तिनं आईला कधी पाहिली नव्हती. कुणीतरी संगणकावर ओठांची टोकं उचलली होती.

पाळणाघराच्या संचालिका, सगळे त्यांना मॅडम म्हणत, बोलायला उभ्या राहिल्या. आवाज मऊ, दात नको इतके पांढरे. त्या म्हणाल्या, आयुष्यभर मुलांना झोपवलं आणि मुलांना झोपवता झोपवता बाई स्वतः अलगद झोपी गेल्या, किती सुंदर मरण. आत्यानं हुंदका दिला. मागून कुणी म्हणालं, भाग्य लागतं हो. तिच्या डोळ्यांपुढे प्लास्टिकच्या पिशवीतला स्वेटर आला.

तिच्या शेजारच्या खुर्चीत टिटवी होती, आणि टिटवीच्या पलीकडे पाळणाघरातलीच एक मुलगी, दोन शेंड्यांची. ती टिटवीला हलक्या आवाजात सांगत होती, तरी तिला ऐकू गेलं.

"मी जागी होते. बाई अशा खाली घसरल्या ना, तेव्हा."

"मग?" टिटवीनं विचारलं.

"मग काही नाही. गुडुप झालं होतं ना."

ती उठली आणि त्या मुलीसमोर उकिडवी बसली. मॅडमचं बोलणं चालूच होतं. मुलीनं घाबरून तोंड मिटलं. खालचा एक दात हलत होता, तो तिनं जिभेनं दाबून धरला.

"तू काही चुकली नाहीस," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणाले, कुणी काही करू शकलं नसतं. पण पुन्हा असं काही दिसलं तर बोलायचं. मोठ्यानं."

"गुडुप झालं असलं तरी?"

"तरी."

"गुडुप मोडतं?"

या प्रश्नाला तिच्या घरात आजवर कुणी उत्तर दिलं नव्हतं, कारण तो विचारायची वेळ नेहमी गुडुपच्या नंतर यायची. ती म्हणाली, "मोडतं." मुलीनं जीभ दातावरून काढली.

तेवढ्यात मॅडमनी टिटवीला पुढे बोलावलं. त्यांच्या हातात एक फिकट जांभळा ससा होता, लोंबत्या कानांचा. त्यांनी सगळ्यांना सांगितलं की बाईंचा आवाज त्यांनी मागेच फोनवर घेऊन ठेवला होता, नव्या बायकांना शिकवायला. आता तो घराघरांत जाईल. हा पहिला नमुना बाईंच्या नातीला. पुढच्या महिन्यापासून बाजारात. मग त्यांनी सशाचं पोट दाबलं.

"गुडुप," आई म्हणाली.

खोलीतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. टिटवीनं ससा ओढून घेतला, छातीशी धरला आणि पोट दाबलं. गुडुप. पुन्हा दाबलं. गुडुप. टिटवीला तिथेच ठेवून मॅडम तिच्याजवळ येऊन कानाशी म्हणाल्या, "तुमची काही हरकत नसेल असं गृहीत धरलंय हं आम्ही. सहीचं नंतर बघू." त्यांच्या तोंडाला पुदिन्याच्या गोळीचा वास होता आणि त्याखाली सुजलेल्या हिरड्यांचा. भर सभेत बोलायची तिला सवय नव्हती.

गाडीत टिटवी मागच्या सीटवर होती. गुडुप. गुडुप. गुडुप. जे माणूस दुसऱ्यांदा कधी म्हणालं नाही, ते आता सिग्नलपासून सिग्नलपर्यंत तेच म्हणत होतं, अगदी त्याच सुरात, विनवत. आत्या डोळे पुसत म्हणाली, "बघ, आली की नाही आजी परत?" नवरा पुढे बघत हळूच म्हणाला, राहू दे, तेवढाच आवाज.

घरी पोचल्यावर टिटवीनं जांभई दिली. मोठी, तोंड वासून. ती लेकीच्या समोरच उभी होती आणि उजेड खिडकीतून बरोबर पडला होता. वरच्या पुढच्या दोन दातांवर, हिरडीच्या कडेला, एक पांढरी रेघ होती. निस्तेज, खडूसारखी. अजून तपकिरी झाली नव्हती. ही रेघ आईबापांना दिसत नाही. त्यांना दिसते तोवर ती रेघ राहिलेली नसते.

आत्या स्वयंपाकघरात बाटली भरत होती. तिनं जाऊन ती आत्याच्या हातातून घेतली, बूच उघडलं आणि दूध सिंकमध्ये ओतलं. वास आला. या वेळी तिनं श्वास रोखला नाही.

"अगं, अगं," आत्या म्हणाली, "पोर झोपायची कशी?"

"झोपेल किंवा रडेल, आत्या."

"आई गेलीय तिची आजी... म्हणजे तुझी आई, तिची आजी. चार दिवस लाड केले तर काय बिघडलं? तुझी आई असती तर..."

"माझी आई असती तर तिनं तुझं बोट धरून तुला सिंकपाशी उभं केलं असतं आणि आधी थुंक म्हणाली असती."

आत्याला हसू आलं, आणि हसता हसता रडू. या खेपेचं रडू कोरडं होतं, त्यात रुमाल नव्हता. "म्हणाली असती गं," ती म्हणाली. "मला तर तिनं स्वतःच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी चूळ भरायला शिकवलं होतं." तिनं रिकामी बाटली स्वतःच उचलली आणि कचऱ्यात टाकली.

टॅबलेट नवऱ्यानं कपाटावर ठेवला. ससा उरला होता. टिटवी तो सोडेना. ती लेकीजवळ जमिनीवर बसली आणि म्हणाली, ससा तुझाच आहे, तो तुझ्याजवळच झोपेल. पण आजी काय म्हणायची? टिटवीनं सशाचा कान चोखून ओला केला, मग पुटपुटली, "गुडुप एकदाच." आणि ससा पुढे केला.

तिनं दवाखान्याच्या पेटीतली बारीक कात्री काढली, सशाच्या पोटाची शिवण उसवली आणि कापसातून डबी बाहेर ओढली. नखाएवढी जाळी, एक वायर. बोटांत धरताना ती चुकून दाबली गेली. आई तळहातावर म्हणाली, गुडुप. तिनं सेल काढला आणि दोन्ही गोष्टी आईच्या स्वेटरच्या खिशात ठेवल्या. मग शिवण घातली, हिरड्यांना घालते तशी, लहान लहान गाठींची. टिटवीनं पोट दाबून पाहिलं. ससा गप्प होता. मॅडमना तिनं निरोप लिहिला: आईचा आवाज विकायचा नाही. सशात नाही आणि कशातही नाही. थोड्या वेळानं उत्तरादाखल नुसतं एक जोडलेल्या हातांचं चित्र आलं. तिनं फोन उलटा ठेवला. सोमवारी ती स्वतः जाऊन सांगणार होती, भर सभेत सांगावं लागलं तरी.

सू झाली. दात झाले, त्या रेघेवरून तिनं ब्रश हळू फिरवला. गोष्ट झाली, एकच. दुपारच्या उन्हावर पडदा ओढला. मग ती गादीच्या कडेला बसली, लेकीकडे पाठ केली आणि म्हणाली, "गुडुप."

आवाज घोगरा निघाला, बस कंडक्टरसारखा. टिटवीनं भोकाड पसरलं. आजीचं गुडुप हवं, हे नको. पाठीवर लाथा बसल्या. ससा येऊन मानेवर आदळला. ती हलली नाही. पाठीला काही दिसत नाही, नुसतं ऐकू येतं, हे तिला आज कळत होतं. आणि आणखी एक कळत होतं, की पाठीच्या पुढल्या बाजूला चेहरा असतो. तिचा चेहरा ओला होता, नाक वाहत होतं, ओठ वेडेवाकडे झाले होते. कुणी पाहिलं असतं तर किळस आली असती. कुणी पाहत नव्हतं. राखाडी स्वेटरच्या पुढल्या बाजूला काय काय होऊन गेलं असेल, हे तिनं इतक्या वर्षांत एकदाही मनात आणलं नव्हतं. आईला तरुणपणीच नवरा उरला नव्हता, सिंकमध्ये भांडी होती, सकाळी दुसऱ्यांची पोरं होती.

रडणं ओसरलं. हुंदके लांब लांब पडले. मग श्वास आला. एक आत, एक बाहेर. एक आत, एक बाहेर. सरळ, मापात, इस्त्री केल्यासारखा. त्यात फुस्स नव्हतं आणि तोंड वाजत नव्हतं.

ती ऐकत राहिली. हा श्वास तिच्या ओळखीचा होता, आतून ओळखीचा. अंथरुणात अंग ताठ करून तो कसा घ्यायचा, मनात कसा मोजायचा, ते तिला अजून येत होतं. तो घेतला की राखाडी पाठ हळूच उठायची आणि भांड्यांचा आवाज सुरू व्हायचा. आपण आईला फसवतो असं तिला वाटायचं. पण आईला तर कळत होतं. कळत असूनच ती उठायची. पोर तिला सुट्टी देत होती आणि ती घेत होती, आणि त्यावर दोघी कधी बोलल्या नाहीत, कारण गुडुप झालेलं असायचं.

आता टिटवी तिला सुट्टी देत होती. बाहेर आत्या भांडी घासत होती. उठून गेलं तर चाललं असतं.

ती उठली नाही. ती वळली. टिटवी डोळे घट्ट मिटून, ससा नाकाशी धरून फार नीट श्वास घेत होती. तिनं पोरीच्या पोटावर हात ठेवला, तोंड मात्र दाराकडे केलं, जिथे आई चपला घालायला थांबायची, आणि दुपारच्या त्या अर्ध्या अंधारात मोठ्यानं म्हणाली,

"आई, मी झोपलेली नाहीये. अजून बस ना थोडी."